चिपाडाच्या एरोजेलचा आकडा 0.041 वर का अडकला, आणि ते पत्र्याच्या शेडला चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एरोजेल म्हणजे जेलमधला द्रव काढून त्याच्या जागी हवा राहू दिलेला, अतिशय हलका पदार्थ. विचारणारे पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेत. त्यांनी उसाच्या चिपाडाचा लगदा, सोडियम अल्जिनेट आणि बेंटोनाइट माती एकत्र करून कॅल्शियम क्लोराइडनं जेल बांधलं, घरच्या फ्रीजरमध्ये गोठवलं आणि कॉलेजच्या फ्रीझ ड्रायरमध्ये, म्हणजे निर्वातात बर्फाची थेट वाफ करणाऱ्या यंत्रात, वाळवलं. वड्या आक्रसल्या, मधे खोलगट झाल्या, काहींना तडे गेले. उष्णतावाहकता 0.041 वॅट प्रति मीटर-केल्विन आली (आकडा जितका कमी तितकी उष्णता कमी जाते), आणि वाचलेल्या शोधनिबंधांत तर 0.015 दिसते. ते विचारतात, माझं काय चुकतंय? आणि वडिलांच्या भोसरीतल्या पत्र्याच्या शेडला आतून याचे 25 मिलिमीटर जाडीचे तक्ते लावले तर चालतील का?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न गुंतलेत. वड्या आक्रसल्या त्याचं कारण बहुतेक तुमच्या कॅल्शियम क्लोराइडमध्ये आहे, आणि ते आठवडाभरात सुटेल. 0.041 बद्दल म्हणाल तर तुमचं काही चुकलेलं नाही. ज्या पद्धतीनं वाळवलंत तिला साधारण हाच आकडा येतो. शेडचा प्रश्न मात्र अवघड आहे, कारण तिथे आपला पावसाळा मधे येतो. या पदार्थांवर लिहिणारे बरेच जण कोरड्या नमुन्याचा आकडा देऊन थांबतात. मला जास्त बोलायचंय ते त्याच्या पुढचं.

मी अठरा वर्षं उष्णतारोधक साहित्यात काम करते आहे, त्यातली निम्मी वनस्पती आणि खनिजं एकत्र करून केलेल्या हलक्या पदार्थांवर गेली. तुमचं जेल किती टक्के घन होतं, माती किती होती, वडीची घनता किती आली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे काही ठिकाणी मला "असं असेल तर" म्हणावं लागेल.

आधी आकडा समजून घेऊ. सच्छिद्र पदार्थातून उष्णता तीन वाटांनी जाते: घन भागातून, छिद्रांतल्या हवेतून, आणि एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे प्रारणानं (रेडिएशननं). साध्या तापमानाला स्थिर हवेची वाहकता 0.026 वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास असते. थर्माकोल, काचलोकर, दगडी लोकर आणि तुमची वडी या सगळ्यांचं काम हवा जागच्या जागी धरून ठेवणं एवढंच. हवा फिरली नाही तरी तिच्यातून उष्णता जातेच, वर घन भागाची आणि प्रारणाची भर पडते, म्हणून हे पदार्थ 0.033 ते 0.040 च्या पट्ट्यात राहतात. पुफचा, म्हणजे पॉलियुरेथेन फेसाचा, आकडा याहून कमी दिसतो तो त्याच्या बंद कप्प्यांत हवेऐवजी दुसरा, कमी वाहक वायू कोंडलेला असतो म्हणून.

हवेच्याही खाली जायचं तर हवेच्या रेणूंनाच अडवावं लागतं. साध्या दाबाला हवेतला रेणू एका टकरीपासून दुसऱ्या टकरीपर्यंत सरासरी 70 नॅनोमीटर जातो. छिद्र त्याहून लहान असलं की रेणू दुसऱ्या रेणूला भेटायच्या आधी भिंतीवर आदळतो, आणि उष्णता पुढे देण्याचं काम मंदावतं. सिलिका एरोजेलची छिद्रं बहुतांशी 2 ते 50 नॅनोमीटरची असतात, म्हणून त्याचा आकडा 0.013 ते 0.015 पर्यंत उतरतो.

आता तुमच्या वडीतली छिद्रं कुणी पाडली ते बघा. एक वडी हातानं मोडा आणि मोडलेली कड खिडकीकडे धरा. बेकरीतली खारी मोडल्यावर दिसतात तसे एकावर एक पापुद्रे दिसतील, आणि पापुद्र्यांमधल्या फटी नुसत्या डोळ्यांनी कळतील. त्या फटींत बर्फाचे स्फटिक होते. घरचा फ्रीजर हळू गोठवतो. पाणी सावकाश गोठलं की बर्फाचे मोठे पत्रे होतात, आणि लगदा, अल्जिनेट, माती त्यांच्या मधे दाबली जाते. बर्फ उडून गेला की तेच पापुद्रे. ही पोकळी दहापासून शेकडो मायक्रोमीटरपर्यंत असते, म्हणजे 70 नॅनोमीटरच्या शेकडो ते हजारो पट. तिच्यातली हवा मोकळ्या हवेसारखीच वागते. नावाला कुणी एरोजेल म्हणा, कुणी क्रायोजेल म्हणा, कुणी फेस म्हणा. मला नावाशी भांडायचं नाही. आकड्याची अपेक्षा मात्र फेसाची ठेवा.

मग छिद्रं बारीक ठेवून वाळवायचं कसं? ही अडचण जुनी आहे. 1931 मध्ये सॅम्युएल किस्टलर यांनी पहिली एरोजेल जाहीर केली, त्यांत सिलिका होतीच, पण सेल्युलोज, जिलेटिन, अगर आणि अंड्यातला पांढरा भागही होता. वनस्पतीपासून केलेलं एरोजेल ही नव्यानं आलेली कल्पना आहे असं हल्ली सारखं वाचायला मिळतं, म्हणून मुद्दाम सांगते. किस्टलर यांच्यापुढे प्रश्न होता केशाकर्षणाचा. छिद्रातलं पाणी आटताना त्याचा पृष्ठताण भिंतींना आत ओढतो. 10 नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रात पाण्याची ही ओढ सुमारे 14 मेगापास्कल भरते, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या 140 पट. तुमच्या 10 मायक्रोमीटरच्या फटीत ती याच्या हजारावा भाग असते. बारीक छिद्रांचं मऊ जेल उघड्यावर वाळवलं की चपटं होतं ते यामुळे. किस्टलर यांनी पाणी काढून दुसरा द्रव भरला आणि तो क्रांतिक तापमान-दाबाच्या पलीकडे नेला. तिथे द्रव आणि वायू यांच्यातली सीमाच उरत नाही, मग ओढणार कोण? आज हेच काम कार्बन डायऑक्साइडनं करतात. 31 अंश सेल्सिअस आणि 74 बारच्या वर गेलं की झालं. तापमान सोपं आहे, दाबाचं भांडं महाग आहे.

याच वाटेनं, म्हणजे पाण्याच्या जागी अल्कोहोल आणि मग अतिक्रांतिक कार्बन डायऑक्साइड, पेक्टिन आणि सेल्युलोजची एरोजेलं 0.020 च्या खाली उतरली आहेत. त्यामुळे वनस्पतीजन्य पदार्थाला तो आकडा जमतच नाही असं नाही. फक्त तुमच्याकडे ते यंत्र नाही, आणि मिक्सरमधला लगदाही त्याला पुरणार नाही. मिक्सरमधून निघणारे चिपाडाचे तंतू दहा-वीस मायक्रोमीटर रुंद असतात. एवढ्या जाड तंतूंपासून नॅनोमीटरची जाळी विणली जात नाही. त्यासाठी लगदा ग्राइंडरमधून पुन्हा पुन्हा काढून नॅनोसेल्युलोज, म्हणजे नॅनोमीटर जाडीचे तंतू, करावं लागतं, किंवा सेल्युलोज विरघळवून परत जेल बांधावं लागतं.

तुम्ही 0.015 वाचलंत ते कुठलं, हे लिहिलेलं नाही. गोठवून वाळवलेल्या पदार्थाचं असेल तर बहुधा 2015 च्या स्टॉकहोमच्या कामाकडे जाणारा धागा असेल. त्यांनी नॅनोसेल्युलोज, ग्राफीन ऑक्साइड, सेपिओलाइट नावाचं सुईसारखं चिकणखनिज आणि बोरिक आम्ल एकत्र करून एका दिशेनं गोठवलं. घनता घनमीटरला 7.5 किलो, आणि वाहकता 0.015. पण तो आकडा नळ्यांच्या आडव्या दिशेचा आहे. एका बाजूनं गोठवलं की बर्फ खांबांसारखा वाढतो आणि मागे उभ्या नळ्या राहतात. नळ्यांच्या लांबीच्या दिशेनं उष्णता जास्त जाते. तुम्ही ट्रे खालून गोठवला आणि तक्ता तसाच आडवा छताला लावला, तर उष्णता नेमकी नळीच्या लांबीतूनच येणार. मोजतानाही हेच: कुठल्या दिशेनं मोजलं ते आकड्याशेजारी लिहा, नाहीतर तो आकडा कुणालाच वापरता येणार नाही.

आता आक्रसण्याचं. मधे खोलगट, कडा ताठ आणि तळाशी काचेसारखी तपकिरी साय, असं दिसत असेल तर वाळवताना आतला भाग वितळलाय. पूर्ण गोठलेलाच नव्हता म्हणून वितळला. कॅल्शियम क्लोराइडचं पाणी अगदी शेवटच्या थेंबापर्यंत गोठायला तापमान उणे 50 अंशांच्या आसपास न्यावं लागतं. घरचा फ्रीजर उणे 18 चा. जेल बांधून उरलेलं क्लोराइड आत राहिलं, तर बर्फाच्या स्फटिकांमध्ये खाऱ्या द्रवाच्या शिरा तशाच राहतात. निर्वात केल्यावर त्या उकळतात, पसरतात आणि भिंती खचतात. वरून वडी गोठल्यासारखी टणक लागते, म्हणून हे लक्षात येत नाही. माझा स्वतःचा जवळजवळ एक उन्हाळा यात गेला. मी ड्रायरच्या पंपाला दोष देत बसले होते.

यावर दोन उपाय करा. बांधलेलं जेल तीन-चार वेळा पाणी बदलून डिस्टिल्ड पाण्यात धुवा, दर वेळी काही तास ठेवून. शेवटच्या पाण्याची विद्युतवाहकता मोजा. ती ताज्या पाण्याच्या जवळ आली की थांबा. आणि क्लोराइड ओतून जेल बांधणंच सोडा. ओतलं की बाहेर लगेच कातडी धरते आणि आत पातळच राहतं, तुमचे तडे तिथून सुरू होतात. त्याऐवजी बारीक कॅल्शियम कार्बोनेट आधीच मिसळून ठेवा आणि ग्लुकोनो डेल्टा लॅक्टोन घाला. टोफू बांधायला वापरतात तेच हे. ते पाण्यात हळूहळू आम्ल होतं, कार्बोनेटमधलं कॅल्शियम सावकाश सुटतं आणि सगळी वडी एकसारखी बांधली जाते. शिवाय धुवायला क्लोराइड उरत नाही. क्लोराइडचं आणखी एक दुखणं आहे: ते हवेतलं पाणी ओढून घेतं. आत राहिलेलं क्लोराइड जुलैत तुमची वडी आतून ओली करेल.

मातीबद्दल. बेंटोनाइट घातलंत हे चांगलं केलंत, पण ती कशासाठी घालतोय ते डोक्यात स्पष्ट हवं. मातीनं वाहकता कमी होत नाही, बहुधा थोडी वाढतेच. तिचं काम आगीच्या वेळचं आहे. नुसता सेल्युलोजचा फेस पेटला नाही तरी धुमसत राहतो. माती असेल तर जळताना तिचे पापुद्रे एकत्र येऊन वर कवच धरतात आणि आतल्या भागाला ऑक्सिजन कमी मिळतो. धुमसण्यावर बोरिक आम्ल-बोरॅक्सची जोडी मातीपेक्षा जास्त काम करते, आणि वाळवी-बुरशीलाही थोडं रोखते. मातीनं दाब सोसायची ताकदही वाढते. पण ती कोरडी पूड म्हणून अल्जिनेटमध्ये टाकली असेल तर तिच्या गुठळ्या झाल्या असणार, आणि गुठळी म्हणजे तड्याची सुरुवात. माती आधी साध्या पाण्यात रात्रभर भिजवा, ढवळा, खाली बसलेली वाळू सोडून वरचं पाणी घ्या आणि मगच बाकीचं मिसळा. बेंटोनाइट सोडियमचं आहे की कॅल्शियमचं तेही विक्रेत्याला विचारा. सोडियमचं जास्त फुगतं आणि त्याचे थर पाण्यात चांगले सुटे होतात. इमारतीच्या पायाच्या खांबांच्या (पायलिंगच्या) कामाला नेतात ते बहुधा सोडियमचं किंवा सोड्यानं सुधारलेलं असतं.

खनिज म्हणून आणखी एक गोष्ट आपल्या शेजारीच आहे. मावळात, भोरला भाताच्या गिरण्यांवर तुसाचे ढीग असतात. तुसाच्या राखेत सिलिका भरपूर असते, चांगल्या राखेत 85 ते 95 टक्के, आणि सौम्य तापमानाला जाळलं तर ती अस्फटिक राहते. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून तिचं सोडियम सिलिकेट करता येतं आणि त्यातून सिलिकेचं जेल. लगद्याच्या जाळीत हे जेल भरलं की तंतू ताकद देतात आणि सिलिका बारीक छिद्रं. संमिश्र एरोजेल म्हणतात ते खऱ्या अर्थानं हे. फार तापवलेली राख घेऊ नका. तिच्यातली सिलिका स्फटिकरूप झालेली असते, आणि तिची धूळ फुप्फुसांना वाईट. आणि लगदा करताना निघणारं काळं कॉस्टिकचं पाणी नाल्यात ओतू नका. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्याची सोय करून घ्या.

आता पावसाळ्याकडे येते. काही वर्षांपूर्वी मी तुमच्यासारखीच वडी, दहा बाय दहा सेंटिमीटर, दोन सेंटिमीटर जाड, एप्रिलमध्ये ओव्हनमध्ये वाळवून वजन केली होती: 9.0 ग्रॅम. कपाटाच्या उघड्या फळीवर ठेवून दिली. ऑगस्टच्या मध्यावर तिचं वजन 10.3 ग्रॅम भरलं. पाणी कुठेही दिसत नव्हतं, हाताला जेमतेम गार लागत होती. वाहकता 0.039 वरून 0.044 झाली होती. तेवढ्यानं मी घाबरले नसते. पण अंगठा हलका दाबला तर खड्डा पडला आणि तो भरून आलाच नाही. एप्रिलमध्ये तीच वडी दाबल्यावर परत वर यायची. मग तिच्यावर ड्रॉपरनं पाण्याचा एक थेंब टाकला. थेंब लगेच आत गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी वाटाण्याएवढा खळगा होता, तळाला कागदासारखा चपटा झालेला. वर सांगितलेली केशाकर्षणाची ओढ ती हीच. पाण्याची वाहकता हवेच्या वीस पटींहून जास्त आहे हे सगळे सांगतात. पण आटत जाणारा थेंब रचनाच मोडतो, आणि मोडलेली रचना ऑक्टोबरचं ऊन पडलं तरी परत येत नाही.

सेल्युलोज, अल्जिनेट आणि माती, तिघांनाही पाण्याचा ओढा आहे. त्यामुळे पृष्ठभाग पाणी झटकणारा करावा लागतो. यात महाराष्ट्रात मोठं काम झालंय. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या एअर ग्लास प्रयोगशाळेत ए. वेंकटेश्वर राव यांच्या गटानं मिथाइलट्रायमेथॉक्सीसिलेन या सिलिकॉनयुक्त रसायनापासून पाणी न शोषणारी आणि वाकणारी सिलिका एरोजेलं केली. ते निबंध मिळवून वाचा. तोच सिलेन वाळलेल्या वडीला बंद भांड्यात, साधारण 70 अंशांवर, वाफेच्या रूपात देता येतो. तो सेल्युलोजवरच्या हायड्रॉक्सिल गटांना चिकटतो आणि थेंब वर मण्यासारखा उभा राहतो. या क्रियेत मिथेनॉल सुटतं, म्हणून प्रयोगशाळेतल्या वाफा ओढून घेणाऱ्या कपाटातच (फ्यूम हुडमध्ये) करा, घरी नको. मात्र एक लक्षात ठेवा: थेंब अडला म्हणजे बाष्प अडलं असं होत नाही. बाष्प अडवायला अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा सलग थर लागतो, आणि त्याचे सांधे टेपनं नीट बंद करावे लागतात.

म्हणून तुमच्या शेडबद्दल मी सावध आहे. आकड्यांत बघू. उघड्या पत्र्याला दोन्ही बाजूंच्या हवेच्या थरांचा मिळून सुमारे 0.21 एवढा रोध असतो. म्हणजे दर चौरस मीटरला, तापमानातल्या दर अंश फरकामागे, साधारण 4.8 वॅट आत येतात. तुमचा 25 मिलिमीटरचा तक्ता, वाहकता 0.040 धरून, लावला तर ते 1.2 वर येतात. तेवढ्याच जाडीचा 0.015 चा तक्ता लावला तर 0.53. आणि 0.040 चाच तक्ता 50 मिलिमीटरचा केला तर 0.68. पहिल्या इंचातच उष्णता पाव झाली. पुढे जाडी दुप्पट केली तर तुम्ही महागड्या एरोजेलच्या बऱ्यापैकी जवळ पोचता. शेडमध्ये जाडीची अडचण नसते, वर भरपूर जागा असते. मग 0.015 च्या मागे लागायचं कारण काय? जिथे जागाच नाही तिथे तो आकडा मोलाचा. भोसरीच्या शेडमध्ये जागा आहे.

शिवाय पत्र्याखाली दोन ठिकाणांहून पाणी येतं. पत्रा धरून ठेवणाऱ्या जे-बोल्टच्या भोकांतून, वॉशर उन्हानं कडक झाला की. आणि खालून, पहाटे. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता टाकत हवेपेक्षा थंड होतो, आणि शेडमधली दमट हवा त्याला लागली की पत्र्याला घाम सुटतो. कामगारांच्या डोक्यावर सकाळी टपटपतं ते हे पाणी. तक्ता आणि पत्रा यांच्या मधे हवा शिरत असेल तर घाम तक्त्याच्या पाठीवर पडतो. मी एका छोट्या शेडमध्ये मे महिन्यात आठ तक्ते लावून बघितले होते, सिलेन दिलेले, पण कडा उघड्या. सप्टेंबरमध्ये उतरवले तेव्हा मधले पाच ठीक होते; बोल्टच्या रांगेखालचे तीन कडेनं चपटे झाले होते आणि पाठीवर काळी बुरशी होती. चूक माझीच, कडा फॉइलनं बंद करायला हव्या होत्या.

आणि खर्च. एक चौरस मीटर, 25 मिलिमीटर म्हणजे 25 लिटर जेल. पाच टक्के घन धरलं तर त्यात जवळजवळ 24 किलो पाणी. एक किलो बर्फ थेट वाफ करायला 2.84 मेगाज्यूल लागतात, म्हणजे सुमारे 0.79 युनिट. तेव्हा एका चौरस मीटरला कागदावरच 19 युनिट, आणि प्रत्यक्ष यंत्रात त्याच्या कितीतरी पट, कारण पंप आणि कंडेन्सर दिवसरात्र चालतात. हजार चौरस फुटांचं छत म्हणजे 93 चौरस मीटर. सिद्धांतातलंच बिल 1,770 युनिटांच्या घरात जातं. वडिलांना हा हिशेब दाखवा.

माझं मत विचाराल तर शेडसाठी आधी पत्र्याला वरून पांढरा परावर्तक रंग द्या. दुपारच्या उन्हाचे चौरस मीटरला 900-1000 वॅट पत्र्यावर पडतात. ते शिरायच्या आधीच परत पाठवणं सगळ्यात स्वस्त. वॉशर बदला. छताच्या माथ्याला (रिजला) वारा जायला वाट करा. त्यानंतरही आत तापत असेल तर बाजारातली दगडी लोकर, फॉइल खाली ठेवून. तुमच्या तक्त्यांपैकी चार-पाच फॉइलमध्ये पूर्ण बंद करून एका कोपऱ्यात लावा आणि दोन पावसाळे बघा. सगळं छत त्यावर घालू नका.

तुमच्या पदार्थासाठी मी वेगळी जागा शोधेन. औषधं आणि लशी 2 ते 8 अंशांत न्यायचे खोके, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, मावळातल्या पॉलिहाउसची फुलं. आज यांत थर्माकोल असतो, आणि एक-दोन फेऱ्यांनंतर तो कचऱ्यात जातो. 2018 मध्ये राज्यानं थर्माकोलची ताटं-वाट्या आणि सजावट बंद केली, तेव्हापासून लोक पर्याय विचारतात. अशा खोक्यात तक्ता पिशवीत सीलबंद राहतो, पाऊस त्याला दिसत नाही, आयुष्य काही दिवसांचं असतं, आणि शेवटी तो मातीत जाऊ शकतो. तिथे 0.040 पुरेसं आहे. आणि तिथे गोठवून वाळवायचीही गरज नाही. लगदा, भिजवलेली माती आणि थोडा फेस आणणारा पदार्थ घुसळून चार-पाच पट फुगवा, जाळीवर निथळू द्या आणि ओव्हनमध्ये वाळवा. निम्म्याहून जास्त पाणी नुसतं निथळून जातं, विजेचा खर्च तिथेच खाली येतो. छिद्रं मोठी असल्यामुळे पृष्ठताण त्यांना फारसं ओढत नाही. आकडा 0.038 ते 0.045 च्या मधे कुठेतरी येईल, म्हणजे ड्रायरमधून आलेल्या वडीच्या शेजारीच.

मोजमापाबद्दल एक विनंती. 0.041 कशावर मोजलंत? छोट्या वडीवर क्षणिक उष्मा-प्रोबनं मोजलं असेल तर इतक्या हलक्या पदार्थात कडेची हवा आणि प्रोबच्या तारेतून जाणारी उष्णता आकडा बिघडवते. आयएस 3346 या भारतीय मानकात दिलेली दोन तक्त्यांची गार्डेड हॉट प्लेट पद्धत यासाठी भरवशाची, फक्त तिला मोठे आणि सपाट तक्ते लागतात. कॉलेजात नसेल तर पाषाणला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातल्या व्हेंचर सेंटरमध्ये चौकशी करा, मोजणी कुठे होते ते तिथे कळेल.

तोवर घरी एक चाचणी करा, खर्च काहीच नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात तळाला मीठ आणि थोडं पाणी घालून ओला लगदा करा, मीठ न विरघळलेलं दिसलं पाहिजे. वर जाळी ठेवून त्यावर ओव्हनमध्ये वाळवलेली वडी ठेवा. अशा डब्यात आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास स्थिर राहते. शुद्ध पोटॅशियम क्लोराइड वापरलंत तर 84-85, म्हणजे आपल्या जुलैच्या जवळ. रोज वजन करा, वजन स्थिर होईपर्यंत. एक वडी धुतलेल्या जेलची, एक न धुतलेली, एक सिलेन दिलेली. शेवटच्या दिवशी तिन्ही वड्यांवर अंगठा दाबून बघा आणि खड्डा परत भरतो का ते लिहून ठेवा. तीन वड्यांची वजनं, घनता आणि मातीचं प्रमाण एवढं कळवलंत की पुढची कृती आकड्यांसकट सांगते.